मापात पाप

व्यापाऱ्याच्या लबाडीला मराठीने जी नावे ठेवली आहेत, त्यांत ‘मापात पाप’ हे सर्वांत कठोर. मालात खोट असेल तर आपण भेसळ म्हणतो, भावात असेल तर लूट म्हणतो. मापातल्या खोटीला मात्र आपल्या पूर्वजांनी थेट पापाच्या पंक्तीत बसवले. त्याला कारण आहे. भाव पटला नाही तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानी जाते. माल निकस असेल तर तो हाताला नाही तर जिभेला कळतो. माप तेवढे विश्वासावर चालते, आणि तो विश्वास गेला की देणाऱ्या-घेणाऱ्याला बोलायला समान भाषाच उरत नाही. हे पाप किराण्याच्या दुकानातून बऱ्याच अंशी हद्दपार झाले. आज ते आरशांच्या आणि दिव्यांच्या झगमगाटात, तयार कपड्यांच्या मानेपाशी शिवलेल्या इंचभर चिठ्ठीवर राजरोस नांदते आहे. त्या चिठ्ठीविषयी, आणि तिच्यापायी सर्वांत अधिक नाडल्या जाणाऱ्या लहान चणीच्या स्त्रीविषयी, चार शब्द स्पष्टपणे लिहिणे मला अगत्याचे वाटते.

साहित्य मंडळाच्या पत्रिकेत कपड्यांच्या मापांचे दळण कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, हा प्रश्न मुळात शब्द आणि अर्थ यांच्या नात्याचा आहे. ‘एस’, ‘एम’, ‘एल’ ही अक्षरे आहेत. ज्याला क्षर नाही ते अक्षर, अशी व्युत्पत्ती आपण शाळेत घोकली. ही अक्षरे मात्र दर हंगामाला झिजतात, कंपनीगणिक अर्थ बदलतात, आणि तो बदल जाणूनबुजून, गिऱ्हाइकाला खूश करण्यासाठी घडवून आणला जातो. शब्दाचा अर्थ कोणी पैशासाठी वाकवत असेल, तर त्याविरुद्ध बोलण्याचा पहिला अधिकार साहित्याची चाड असणाऱ्यांचाच आहे.

आपल्यासारख्या, दोन-तीन शतके महाराष्ट्राबाहेर नांदलेल्या घराण्यांना मापांचा गोंधळ नवा नाही. संस्थानागणिक शेर बदले, मण बदले, गजाची लांबी बदले. एका संस्थानातून दुसऱ्यात दिलेल्या लेकीला स्वयंपाकाचे प्रमाणसुद्धा नव्याने शिकावे लागे. १९५६ च्या वजन-माप कायद्याने या अराजकाला आळा घातला आणि देशभर एकच किलो, एकच मीटर आला. आजही वाण्याच्या तराजूची आणि वजनांची ठराविक मुदतीने सरकारी पडताळणी होते, त्यांवर शिक्का बसतो. तयार कपड्यांच्या बाजारात मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे संस्थान आहे आणि प्रत्येकीचा शेर निराळा. माझी उंची चार फूट अकरा इंच. शहरातल्या एकाच रस्त्यावरील तीन दुकानांत, एकाच दुपारी, मी अनुक्रमे ‘एक्सएस’, ‘एम’ आणि ‘एल’ ठरले. त्या दोन तासांत माझ्या देहात काही उलथापालथ झाली होती, असे मला आठवत नाही.

हा गोंधळ अपघाताने झालेला नाही, हे कळण्यासाठी अमेरिकेचा थोडा इतिहास पाहावा लागतो. कारण या विद्येचा मुख्य आखाडा तोच. १९३९-४० च्या सुमारास अमेरिकी शेती खात्याच्या गृह-अर्थशास्त्र विभागाने सुमारे १५ हजार स्त्रियांची, प्रत्येकीची ५९ ठिकाणी, मापे घेतली. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांचा हा अहवाल १९४१ साली प्रसिद्ध झाला. टपालाने कपडे विकणाऱ्या कंपन्या मापे न जुळल्याने परत येणाऱ्या मालाला कंटाळल्या होत्या. त्यांच्या आग्रहावरून पुढे काम होऊन १९५८ साली राष्ट्रीय मानक निघाले. त्या मानकात गोऱ्या नसलेल्या स्त्रियांना स्थान नव्हते: त्यांची मापे घेतली गेली, पण हिशेबात धरली नाहीत. हा दोष गंभीर. तरीही त्या मानकाची एक थोरवी मान्य केली पाहिजे. त्यात आकड्याला निश्चित अर्थ होता, आणि घेराबरोबर उंच, मध्यम व ठेंगणी अशी उंचीची वेगळी खूणही होती. १९५८ चा आठ नंबर म्हणजे छाती ३१ इंच आणि कंबर साडेतेवीस इंच.

कंपन्यांवर मानकाचे बंधन नव्हते आणि १९८३ साली ते मागेच घेण्यात आले. मग प्रत्येकीने आपापला आकडा सोयीने सैल केला. कपडा तोच, घेर तोच, चिठ्ठीवरचा नंबर मात्र खाली. सोळा नंबर घालणाऱ्या बाईला चौदा बसला की ती आरशापुढे सुखावते आणि खरेदी करते, हे त्यामागचे गणित. यालाच तिकडे ‘व्हॅनिटी सायझिंग’ म्हणतात. मी त्याला खुशामती माप म्हणते. आकडे घसरत घसरत इतके खाली आले की, आठ, सहा, चार, दोन संपल्यावर शून्य नंबर काढावा लागला, आणि तोही पुरेना तेव्हा दुहेरी शून्य! १९५८ सालची आठ नंबरची बाई आज दुकानात गेली, तर दुहेरी शून्यही तिच्या अंगावर सैल होईल. शून्याचा शोध लावणाऱ्या देशालाही शून्याचा असा उपयोग सुचला नव्हता.

ही खुशामत केवळ स्त्रियांची होते असे समजून पुरुष वाचकांनी मिशीत हसू नये. स्त्रियांच्या नंबरांना निदान ‘तो एक संकेत आहे’ अशी पळवाट तरी आहे. पुरुषांच्या विजारीवर चक्क इंच लिहिलेले असतात. ‘एस्क्वायर’ या अमेरिकी मासिकाच्या लेखकाने २०१० साली, ३६ इंच अशी खूण असलेल्या निरनिराळ्या कंपन्यांच्या विजारींना टेप लावून पाहिली. एकीची कंबर ४१ इंच भरली. वाणी काटा मारतो तेव्हा कमी देऊन जास्त सांगतो. कपडेवाला जास्त देऊन कमी सांगतो. दिशा उलटी असली तरी दोन्ही ठिकाणी काट्यावरचा आकडा खोटाच.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. गिऱ्हाइकालाच गोड खोटे हवे असते. कोणाचे काही बिघडत नाही. मग तुम्हाला का टोचते? बिघडते, आणि कोणाचे बिघडते ते सांगते. मापांची शिडी एका टोकाला वाकवली की दुसऱ्या टोकाची माणसे खाली पडतात. काल ज्या घेराला ‘एम’ म्हणत त्याला आज ‘एस’ म्हटले, की कालची ‘एस’ आपोआप ‘एक्सएस’ होते. आणि ‘एक्सएस’ दुकानात ठेवतो कोण? कुर्त्यांच्या घाऊक बाजारात माल सहसा संचाने मिळतो: ‘एम’, ‘एल’, ‘एक्सएल’, ‘डबल एक्सएल’, प्रत्येकी एक नग. छोटा दुकानदार तो संच उचलतो आणि लहान चणीच्या बाईचे नाव त्या दुकानाच्या यादीतून कायमचे कमी होते. मोठ्या दालनातही लहान मापाचे दोनच नग येतात, ते पहिल्या आठवड्यात संपतात, आणि मग व्यवस्थापक ऐटीत सांगतो, “मॅडम, त्या साइजला मागणीच नाही.” जे ठेवले नाही ते विकले जात नाही, आणि विकले जात नाही म्हणून ठेवत नाहीत. या न्यायाने उद्या पाणपोई बंद करून कोणी म्हणावे की गावात तहानच नाही.

मग विक्रेती मुलगी दयेने सुचवते, “लहान मुलींच्या विभागात बघा ना.” पंचावन्न वर्षांच्या, पदव्युत्तर वर्गांना शिकवणाऱ्या बाईने छातीवर फुलपाखरे चिकटवलेला, गुलाबी झालरीचा सदरा घालून व्याख्यानाला उभे राहावे, अशी यामागची अपेक्षा. शिवाय मुलीचे शरीर आणि ठेंगण्या प्रौढ स्त्रीचे शरीर यांत उंचीखेरीज काहीच साम्य नसते, हे सांगायला शिंपी असण्याची गरज नाही.

घेराची ही खुशामत हा अर्धाच अपराध झाला. दुसरा अर्धा उंचीचा आहे, आणि तो अधिक खोल आहे. कारखान्यात कपडा कसा मोठा-लहान होतो ते पाहा. एका नमुना-देहावर मधले माप बेतले जाते आणि ती देहयष्टी सहसा उंच असते. मग त्याच आराखड्याला आडवे इंच वाढवून मोठी मापे निघतात आणि आडवे इंच घटवून लहान मापे. उंची जवळपास तशीच राहते. म्हणजे या शास्त्रात लहान याचा अर्थ बारीक, ठेंगणी नव्हे. ठेंगणी आणि बारीक असेल तिला कपडा लांब होतो; ठेंगणी आणि स्थूल असेल तिची तर त्रेधाच. तिच्या घेराला बसणारा कपडा घेतला की खांदे दंडावर उतरतात, मुंढा कंबरेकडे लोंबतो, आणि बाही बोटांच्या टोकांना जाऊन भिडते.

‘खालून कापून घ्या’ हा सल्ला देणाऱ्यांना कपड्याचे शरीरशास्त्र ठाऊक नसते. कुर्त्याच्या बाजूची चीर नितंबापाशी सुटावी अशी बेतलेली असते. ठेंगणीच्या अंगावर ती मांडीपर्यंत उतरते आणि पाऊल टाकताना कापड गुडघ्याला आवळते. छातीचे टक्स छातीखाली जातात. कंबरेची खोच कंबर सोडून पोटावर येते. विजारीचा गुडघ्याजवळचा निमुळता भाग पोटरीवर येऊन बसतो. या सगळ्या चुका वरच्या धडात आहेत आणि आपण कापतो ते खालचे टोक. त्यातून काठावर भरतकाम असेल तर ज्यासाठी पैसे मोजले तेच कात्रीखाली जाते. शिंप्याकडे द्यावे तर तो म्हणतो, “ताई, उसवून पुन्हा शिवायला नव्याइतकी शिलाई पडेल.” आणि तो खोटे बोलत नाही. उंच बाईने आणि ठेंगण्या बाईने एकच कपडा एकाच किमतीला घेतला. पण ठेंगणीने वर शिलाई दिली, दोन खेपा घातल्या, आणि कापून टाकलेल्या कापडाचेही पैसे भरले. हा उंचीवरचा कर आहे, आणि तो कोणत्याही विधिमंडळाने मंजूर केलेला नाही.

आपल्या जुन्या वस्त्रांना हा प्रश्न माहीतच नव्हता, कारण त्यांनी माप अंगावर सोपवले होते. नऊ वारांची साडी ठेंगणी नेसो वा उंच, अधिकउणे निऱ्यांत आणि खोचण्यात जिरते. खणाच्या चोळीला पुढे गाठ असे. ती गाठ हेच तिचे माप, आणि बाळंतपणापूर्वी नि नंतर तीच चोळी चाले. अंगरख्याला बंद होते. पुढे शिवण आली तेव्हाही शिंपी शिवणीच्या आत दोन बोटे कापड राखून ठेवी. त्या राखलेल्या कापडाला आपली भाषा ‘माया’ म्हणते. तयार कपड्यांत माया नसते. कारखान्यात शिवणीपलीकडचे कापड यंत्र छाटून टाकते, कारण लाख नगांच्या हिशेबात ती दोन बोटे म्हणजे मोठी रक्कम होते. तेव्हा या कपड्यांत वाढवायला जागा नाही आणि घटवायला सवलत नाही. शरीरानेच कपड्याला शरण जायचे.

मी ‘साडीकडे परत चला’ असे कीर्तन करीत नाही. प्रयोगशाळेत, बसमध्ये, दुचाकीवर दिवस घालवणाऱ्या मुलींना तयार, सुटसुटीत कपडा हवा आणि तो त्यांचा हक्क आहे. ‘शिवून घ्या’ हे उत्तरही आता पूर्वीसारखे सोपे राहिलेले नाही. गल्लीतला शिंपी आज रेडिमेडचे टोक दुमडण्यावर आणि चेन बदलण्यावर पोट भरतो. चांगली शिलाई बहुतेकींच्या आवाक्याबाहेर गेली. माझा रोख जुन्या-नव्याच्या वादावर नाही. जो कपडा सर्वांसाठी म्हणून विकला जातो तो खरोखर कोणासाठी शिवलेला असतो, एवढेच मी विचारते.

ठेंगण्या स्त्रियांसाठी वेगळा आराखडा हवा, ही कल्पना काही परग्रहावरची नाही. न्यूयॉर्कच्या हॅना ट्रॉय या वस्त्ररचनाकार बाईंनी १९४० च्या दशकातच ओळखले की असंख्य स्त्रियांचे धड प्रचलित मापांपेक्षा आखूड असते, आणि ‘पेटीट’ मापांचा पाया घातला. तिकडे पाच फूट चार इंच वा त्याहून कमी उंचीच्या स्त्रीला या वर्गात धरतात. आता जरा आपल्याकडे पाहा. भारतीय स्त्रीची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास आहे. म्हणजे अमेरिकी व्याख्येने आपल्या देशातील बहुसंख्य स्त्रिया ‘पेटीट’ ठरतात! तरीही आपल्याकडचे तक्ते बव्हंशी अमेरिकी आणि ब्रिटिश तक्त्यांची डागडुजी करून बनलेले. बहुसंख्येला अपवाद ठरवून, तिला कोपऱ्यातल्या एका रॅकवर, तोही असलाच तर, उभी करणारा बाजार याहून आंधळा कसा असेल? आपल्या आया-बहिणी आरशापुढे ओशाळून पुटपुटतात, ‘माझीच उंची कमी आहे.’ बाई, तुझी उंची कमी नाही. तो कुर्ता दुसऱ्या कोणासाठी शिवला आहे. ‘ठेंगणी-ठुसकी’ हा आपल्या भाषेत कौतुकाचा शब्द होता. बाजाराने त्याचे व्यंग केले.

उपाय अशक्य नाहीत. जपानच्या मानकात ‘९ एआर’ अशी खूण असते: ९ म्हणजे छाती ८३ सेंटिमीटर, ‘ए’ म्हणजे नितंबांची सर्वसाधारण ठेवण, ‘आर’ म्हणजे उंची १५८ सेंटिमीटर. छाती तीच पण उंची १५० असेल तर ‘पी’, १४२ असेल तर ‘पीपी’. तीन चिन्हांत देह सांगून होतो, आणि त्यात ना खुशामत ना अपमान. युरोपनेही २००१ पासून टप्प्याटप्प्याने, प्रत्यक्ष अंगाची सेंटिमीटरमधील मापे दाखवणारे मानक सिद्ध केले. कंपन्यांनी ते पाळले नाही, ही गोष्ट निराळी.

आपल्याकडे कायदा आहे. सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांना वेष्टनावरील काही तपशिलांतून सूट देणारी दुरुस्ती केंद्र सरकारने २०२२ साली केली. पण मापाच्या अक्षरासोबत मीटर वा सेंटिमीटरमधील माप द्यावे, ही अट तीत ठेवली. आता दुकानातली चिठ्ठी वाचून पाहा. ‘९२ सें.मी.’ असे काही तरी छापलेले असते. ते अंगाचे की कापडाचे, छातीचे की कंबरेचे, हे बहुधा कळत नाही, आणि उंचीचा तर उल्लेखही नसतो. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेची, म्हणजे ‘निफ्ट’ची, ‘इंडियासाइझ’ ही योजना २०१८ साली जाहीर झाली. १५ ते ६५ वयोगटातल्या २५ हजार स्त्री-पुरुषांची मापे त्रिमिती यंत्राने सहा शहरांत घ्यायची, असा तिचा आराखडा होता. त्या सहांत आपले हैदराबादही आहे. हेतू उत्तम. पण त्या मापांची खूण मला आजवर एकाही कपड्याच्या चिठ्ठीवर दिसलेली नाही.

माझ्या मागण्या तीनच आहेत. जनतेच्या पैशाने आणि जनतेच्या अंगावरून घेतलेली ही मापे जनतेपुढे खुली ठेवावीत. ती कंपन्यांची मिरास होऊ नये. प्रत्येक चिठ्ठीवर, हा कपडा किती छातीच्या, किती कंबरेच्या आणि किती उंचीच्या अंगासाठी बेतला आहे, हे सेंटिमीटरमध्ये छापणे सक्तीचे व्हावे. मग अक्षरांचा खेळ ज्याला खेळायचा त्याने खुशाल खेळावा. आणि वैधमापनाचा जो निरीक्षक वाण्याचा काटा तपासतो, त्याने वर्षातून एकदा टेप घेऊन कपड्यांच्या दालनातही पाऊल टाकावे.

सरकार करील तेव्हा करील. तोवर आपल्या हाती काही आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात वस्त्रशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्या मंडळांनी अशा विभागांना बोलावून महिलामेळाव्यांत मापे घेण्याचा उपक्रम का करू नये? हळदीकुंकवाला वाटायचे वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्यांऐवजी एकदा शिवणाची टेप द्यावी. ती पर्समध्ये मावते. दुकानात गेल्यावर अक्षर न विचारता ती टेप काढावी, खांदा मोजावा, मुंढा मोजावा, उंची मोजावी आणि आकडा मोठ्याने सांगावा. विक्रेती हसेल, व्यवस्थापक धावत येईल. येऊ द्यावा. आपल्या आज्या वाण्याकडून तांदूळ घेताना मापट्यावर आडवा हात फिरवून बघत, आणि त्यांना कोणी लाजायला सांगितले नव्हते.